बत्तीस गोळ्यांचा हिशेब आधी मांडा: अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत राहून प्रॅक्टिकल शूटिंगकडे (पिस्तूल घेऊन धावत-फिरत, घड्याळाशी झुंजत करायच्या नेमबाजीकडे) वळलेल्या, किंवा वळू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पत्र आहे. आपल्याकडे नेमबाजी म्हटली की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही नावे ओठांवर येतात. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतले. त्या प्रकारात एका मालिकेत पाच गोळ्या, आणि मॅगझिनमध्येही (पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) पाचच भरायच्या. मॅगझिनमध्ये किती मावतात हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. यूएसपीएसएच्या (प्रॅक्टिकल शूटिंगच्या अमेरिकी संघटनेच्या) सामन्यात मात्र एका स्टेजला, म्हणजे सामन्याच्या एका टप्प्याला, ३२ गोळ्यांपर्यंत लागू शकतात, आणि नवा माणूस दुकानात शिरतो तो थेट हेच विचारत: जास्तीत जास्त गोळ्यांचे कोणते आहे?

आमचे आग्रहाचे सांगणे असे, की पिस्तूल सगळ्यात शेवटी घ्या. आधी राज्याचा कायदा, मग डिव्हिजन (पिस्तुलाच्या प्रकारानुसार पाडलेला स्पर्धेचा गट), मग मॅगझिन, आणि त्यात जे बसेल ते पिस्तूल. हा क्रम उलटा केलेल्या अनेकांची महागडी हत्यारे गेल्या तीस वर्षांत कपाटात पडून राहिली. तसे का झाले ते नीट कळले, तर तुमचे दोन-तीन हजार डॉलर वाचतील.

आधी हिशेब. यूएसपीएसएच्या नियमाप्रमाणे लांब स्टेज ३२ गोळ्यांपलीकडे जात नाही, आणि एका जागेवरून आठपेक्षा जास्त नेम लागलेच पाहिजेत अशी रचना करता येत नाही. सुरुवातीला चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत) एक जादा गोळी घेऊन उभे राहता येते. आता मॅगझिन आठचे असेल तर ९ + ८ + ८ + ८ म्हणजे ३३. तीन रीलोड (मॅगझिन बदलणे) झाले आणि चुकायला एकच गोळी हाताशी उरली. दहाचे असेल तर ११ + १० + १० म्हणजे ३१. एक कमी पडली, म्हणजे तिसरा रीलोड आलाच. आठ आणि दहा यांत रीलोड सारखेच. दहावाल्याला फक्त चुकायला जागा जास्त. पंधराचे १६ + १५ म्हणजे पुन्हा ३१, पुन्हा एकीने कमी, म्हणून दोन रीलोड. विसाचे २१ + २० म्हणजे ४१, एकच रीलोड, आणि तो कुठे करायचा हे ठरवणारे तुम्ही. ओपन या सगळ्यात मोकळ्या डिव्हिजनमधल्या लांब मॅगझिनमध्ये २८ ते ३० बसतात. चेंबरमधली धरून फार तर ३१, त्यामुळे पूर्ण ३२ च्या स्टेजला त्यांनाही एकदा मॅगझिन बदलावेच लागते.

रीलोडची किंमत किती? गुण भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर. ३२ गोळ्या, सगळ्या टार्गेटच्या मधल्या ‘ए’ भागात, प्रत्येकी ५, म्हणजे १६० गुण. वेळ २० सेकंद असेल तर फॅक्टर ८.० येतो. मध्येच एका जागी उभे राहून दीड सेकंदाचा रीलोड करावा लागला तर १६० भागिले २१.५, म्हणजे ७.४४. जवळजवळ सात टक्के गेले. तोच रीलोड एका खिडकीकडून दुसरीकडे धावताना केला तर त्याची किंमत शून्याच्या जवळ येते, कारण तेवढा वेळ पाय चालणारच असतात. मोठ्या मॅगझिनचा खरा फायदा इथे आहे. रीलोडची संख्या कमी होते हे ठीकच; त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो सोयीच्या जागी ढकलता येतो आणि एखादे स्टील टार्गेट चुकले तरी पुढचे सगळे नियोजन कोसळत नाही.

या एका फायद्यासाठी केवढी धावपळ झाली पाहा. १९७६ साली मिझुरीतल्या कोलंबिया इथे आयपीएससी या प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. जेफ कूपर पहिले अध्यक्ष. अचूकता, शक्ती आणि वेग या तिन्हींना सारखा मान, हे तिचे ब्रीद. शक्ती मोजायला पॉवर फॅक्टर आला: गोळीचे वजन ग्रेनमध्ये (वजनाचे छोटे एकक), गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १०००. ठरावीक आकड्याच्या वर गेलात तर ‘मेजर’, खाली ‘मायनर’. आज यूएसपीएसएत मेजर १६५ ला आणि मायनर १२५ ला सुरू होते. पूर्वी मेजरची पायरी १७५ होती. .४५ कॅलिबरची २३० ग्रेनची गोळी ८५० फुटांनी गेली तर १९५.५ येते, म्हणजे मेजर सहज. म्हणून ‘१९११’ नावाच्या जातीचे, एका रांगेत सात-आठ गोळ्यांचे .४५ पिस्तूल हेच सामन्याचे पिस्तूल ठरले. १३ गोळ्यांचे ९ मिमी ब्राउनिंग हाय-पॉवर १९३५ पासून बाजारात होते, पण ते मायनर. मायनरला ‘ए’ चे ५ गुण तेच, मात्र त्याबाहेरच्या ‘सी’ ला ४ ऐवजी ३ आणि ‘डी’ ला २ ऐवजी १. २४ ‘ए’ आणि ८ ‘सी’ धरा: मेजरला १५२, मायनरला १४४. पाच टक्क्यांचा फरक.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉब लेथम आणि ब्रायन ईनॉस या नेमबाजांनी .३८ सुपर हे १९२९ सालचे काडतूस पुन्हा चर्चेत आणले. गोळी हलकी, वेग जास्त, दाब जास्त. तो दाबलेला वायू नळीच्या तोंडावरच्या कॉम्पेन्सेटरमधून वर सुटतो आणि नळी खाली दाबून धरतो, त्यामुळे दुसरी गोळी लवकर सुटते. वर काडतूस बारीक असल्याने एका रांगेतही नऊ-दहा बसायची. दुसरी बाजूही होती. जुन्या नळ्यांत पुंगळीच्या बुडाला खालून पुरता आधार नव्हता. जास्त दाबाला पुंगळी तिथे फुटायची आणि वायू मॅगझिनवर व तोंडावर यायचा. त्यावर पूर्ण आधार देणाऱ्या रॅम्पच्या (गोळी आत सरकवणाऱ्या उताराच्या) नळ्या आल्या. पुढे डबल-स्टॅक (दोन रांगांच्या) मॅगझिनमध्ये .३८ सुपरच्या पुंगळीची किंचित बाहेर आलेली कडा शेजारच्या पुंगळीत अडकू लागली, म्हणून कडा कापलेल्या ‘सुपर कॉम्प’ पुंगळ्या निघाल्या.

डबल-स्टॅकची लाट १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. कॅनडाच्या पॅरा-ऑर्डनन्सने ‘१९११’ पिस्तुलाला रुंद फ्रेम दिली आणि .४५ च्या तेरा-चौदा गोळ्या मावू लागल्या. पण धातूची रुंद फ्रेम आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुठीच्या पट्ट्या, त्यामुळे मूठ फार जाड व्हायची. टेक्सासमध्ये व्हर्जिल ट्रिप आणि सँडी स्ट्रेयर यांनी यावर जी तोड काढली ती टिकली: वरचा रुळांचा भाग पोलादी, खालची मूठ आणि ट्रिगर गार्ड एकाच प्लास्टिक तुकड्यात. वेगळ्या पट्ट्या नाहीत, म्हणून मॅगझिन रुंद असूनही हात नीट बसतो. हेच पुढे त्यांच्या एसटीआय कंपनीचे ‘२०११’ नावाचे पिस्तूल. स्ट्रेयर यांनी १९९४ मध्ये मायकल व्हॉइट यांच्यासोबत एसव्हीआय ही कंपनी काढली, तर एसटीआय २०२० मध्ये ‘स्टकाटो’ झाली. १९९० च्या सुमारास त्यावर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) चढला, आणि लांब मॅगझिन, कॉम्पेन्सेटर, डॉट असा पूर्ण संच हाती असल्याशिवाय वरच्या फळीत जागा नाही अशी अवस्था आली.

मग १३ सप्टेंबर १९९४ ला केंद्राचा कायदा आला. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन सामान्य ग्राहकाला विकणे बंद. आधी बनलेली चालत होती, पण ती मोजकीच, त्यामुळे शंभर डॉलरच्या वर भाव गेले. पिस्तूल नवे मिळे, त्याच्या पोटात घालायला मॅगझिन मिळेना. खेळाने वाट काढली: लिमिटेड-१० (दहाच गोळ्यांचे) डिव्हिजन आले, पुढे प्रॉडक्शन (कारखान्यातल्या साध्या पिस्तुलांचे) आणि सिंगल स्टॅक (एका रांगेच्या मॅगझिनचे) आली. रेस गनना (खास सामन्यासाठी सजवलेल्या पिस्तुलांना) कंटाळलेल्या मंडळींनी १९९६ मध्ये आयडीपीए ही वेगळी संघटनाच काढली, तिथेही दहाची मर्यादा. हा कायदा १३ सप्टेंबर २००४ ला संपला. मॅगझिन स्वस्त झाली, तरी दहा वर्षांत तयार झालेली डिव्हिजन राहिली आणि नव्या लोकांना तीच बरी वाटली.

आमच्या मते दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि तो कायद्याने दिला नाही. २०१६ मध्ये यूएसपीएसएने कॅरी ऑप्टिक्स सुरू केले. साध्या, दुकानात मिळणाऱ्या ९ मिमी पिस्तुलावर डॉट लावायचा आणि, सुरुवातीची दहाची मर्यादा उठल्यावर, १४० मिलिमीटर लांबीचे मॅगझिन, म्हणजे साधारण २३ गोळ्या. डॉटसाठी ओपनचे पिस्तूल घेण्याचे कारणच संपले. २०२३ मध्ये लिमिटेड ऑप्टिक्स आले आणि ‘२०११’ पिस्तुलालाही तीच सोय झाली. त्यात सगळ्यांचे गुण मायनरचेच. मेजरचा फायदा उरला नाही म्हणजे त्यासाठी लागणाऱ्या .४० कॅलिबरची गरज उरली नाही. साध्या साइटचे (डॉट नसलेले) .४० मेजर पिस्तूल घेऊन लिमिटेडमध्ये उतरणारे आज बऱ्याच क्लबांत बोटांवर मोजण्याइतके. जुने .४० चे २०११ स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असाल तर एवढे लक्षात घ्या: हत्यार उत्तम असेल, पण ज्याच्याशी गुण ताडून पाहावेत असा प्रतिस्पर्धी मिळणार नाही. साध्या साइटवर तुमचे मन असेल तर जरूर घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका.

आता कायदा, आणि इथे आपल्या मंडळींचा प्रश्न विशेष आहे. आपली वस्ती जिथे दाट, ती न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया ही दोन्ही दहाच्या मर्यादेची राज्ये. न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सही तशीच. न्यू जर्सीत आधी पंधरा चालत, २०१८ पासून दहा. तिथे जास्तीचे मॅगझिन नुसते जवळ असणे हासुद्धा गुन्हा आहे. इलिनॉय आणि कोलोरॅडोत पिस्तुलाला पंधराची मर्यादा. टेक्सासमध्ये मर्यादा नाही. या कायद्यांवर कोर्टात सतत लढाया चालू असतात, म्हणून खरेदीच्या दिवशीचा कायदा पाहा. मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला कामाचा नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून पेनसिल्व्हेनियात सामना खेळणाऱ्याने मोठी मॅगझिन ‘फक्त गाडीच्या डिकीत’ ठेवणे हा मार्ग नव्हे. दहाच्या राज्यात राहत असाल तर लिमिटेड-१० किंवा सिंगल स्टॅक घ्या. मर्यादा सगळ्यांना सारखी, लढत खरी. कॅरी ऑप्टिक्समध्ये दहाची मॅगझिन घेऊन उतरता येते, पण २३ वाल्याशी तुलना करून जीव जाळू नका.

त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे व्हिसा. एच-१बी, एल-१, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसे असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. पण ‘रेंजवर भाड्याने घेतले तर चालते’ असे ऐकून जाऊ नका. तासभर हातात घेणे हेही कायद्याच्या नजरेत बाळगणेच ठरू शकते, आणि पणाला ग्रीन कार्ड लागलेले असते. वकिलाला विचारा, कागद खिशात ठेवा, मग रेंजची पायरी चढा. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही.

आता मॅगझिन. डबल-स्टॅक पिस्तूल अडले की दहापैकी बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा असतो, आणि लोक मात्र पिस्तूल उघडून बसतात. म्हणून जितके पैसे पिस्तुलावर, त्याच काळजीने मॅगझिन घ्या. सामन्याला चार-पाच लागतात. २०११ च्या एकेका मॅगझिनला साधारण साठ डॉलरपासून शंभराच्या वरपर्यंत मोजावे लागतात, हे पिस्तुलाच्या किमतीत धरूनच चाला. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घाला. अडल्यावर ‘तीन नंबर’ असे सांगता आले पाहिजे, नाहीतर बिघडलेले मॅगझिन चांगल्यांत मिसळते आणि महिनाभर सापडत नाही.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे वरचे दोन ओठ, ज्यांच्याखाली गोळी थांबते. पत्र्याचे असतात. भरलेले मॅगझिन काँक्रीटवर पालथे पडले की ओठ फाकतात किंवा एक आत दबतो. फाकले तर गोळी वेळेआधी सुटते किंवा दोन एकदम वर येतात. दबले तर गोळी नाक खाली करून रॅम्पला अडते. मॅगझिन नवे असताना आणि नीट चालत असताना डिजिटल कॅलिपरने ओठांमधले अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजा आणि क्रमांकासमोर लिहून ठेवा. पुढे कधी अडले तर त्याच मॅगझिनच्या जुन्या मापाशी ताडून पाहा. दुसऱ्या कुणाच्या मापाला वाकवू नका, ९ मिमी,.३८ सुपर आणि .४० यांची मापे वेगळी असतात आणि एकाच पिस्तुलाच्या दोन मॅगझिनमध्येही थोडा फरक असतो.

दुसरी गोष्ट स्प्रिंग. लांब मॅगझिनमध्ये २८ गोळ्यांचा थर उचलायचा आणि हलकी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) तर झटकन मागे-पुढे होते. स्प्रिंग थकली की थर वर येण्याआधी स्लाइड पुढे निघून जाते. गोळीच्या बुडाऐवजी तिच्या अंगावर धडकते किंवा रिकाम्या चेंबरवर बंद होते. शेवटच्या दोन-तीन गोळ्यांना असे होत असेल तर स्प्रिंग बदला. सामन्यांना नियमित जाणाऱ्याने दर मोसमाला नवी घालावी, महाग वस्तू नाही. तीसची जागा असली तरी अठ्ठावीसच भरा. याचे कारण वेगळे: काठोकाठ भरलेले मॅगझिन बंद स्लाइडखाली पूर्ण वर जात नाही, मॅगझिन धरणारा खटका अर्धवट बसतो आणि पहिल्याच गोळीनंतर मॅगझिन जमिनीवर. ‘खट्’ आवाजावर विश्वास ठेवू नका. तळहाताने ठोका, मग खालून ओढून पाहा.

धूळ आणि वाळू आत गेली की फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारा तुकडा) घासतो. स्टेज संपल्यावर लगेच बेसपॅड (मॅगझिनचे तळाचे झाकण) काढून आतून ब्रश फिरवा. तेल घालू नका. तेलाला वाळू चिकटते आणि तेल काडतुसाच्या प्रायमरपर्यंतही जाऊ शकते. बेसपॅड बदललात तर लांबी मोजा. यूएसपीएसएच्या नियमात १४० च्या मॅगझिनला १४१.२५ मिलिमीटर आणि ओपनच्या १७० ला १७१.२५ ही कमाल. पडून बेसपॅड फुगला किंवा स्क्रू सैल झाला की गेजमध्ये (लांबी तपासायच्या साच्यात) बसत नाही, आणि लिमिटेडचा नेमबाज थेट ओपनमध्ये टाकला जातो. आयपीएससीच्या सामन्याला जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: स्टँडर्ड डिव्हिजनचे पिस्तूल मॅगझिनसकट २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. अमेरिकेतले १४० चे मॅगझिन तिथे बसत नाही.

काडतुसाच्या लांबीचा गोंधळही इथेच होतो. २०११ चे मॅगझिन .४५ च्या वंशातले, आणि .४५ ची कमाल लांबी १.२७५ इंच. .४० ची कारखान्याची कमाल १.१३५, ९ मिमीची १.१६९. आखूड काडतूस आत पुढे-मागे सरकते आणि नाक खाली जाते. म्हणून जुने लिमिटेडवाले .४० चे काडतूस १.१८ ते १.२० इंच लांब भरत. अशी लांब काडतुसे इतर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये शिरणारही नाहीत, म्हणून उधार देऊ-घेऊ नका. ९ मिमीसाठी काही मॅगझिनमध्ये मागच्या बाजूला पट्टी बसवलेली असते. सफाई करताना ती उलटी बसवली की सगळेच अडते. नव्या माणसाने ९ मिमी कारखान्याचे काडतूस घ्यावे आणि मायनर खेळावे. १२४ ग्रेन गुणिले १०२५ म्हणजे १२७.१, मर्यादेच्या वर दोन गुण. एवढी सवड हवीच, कारण थंडीत वेग उतरतो आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) १२५ च्या खाली आलात तर गुणच मिळत नाहीत. ९ मिमीत मेजर गाठणे ओपनमध्ये चालते, पण ते काडतूस कारखान्याच्या दाबमर्यादेबाहेरचे असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या वाटेला जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेले एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेत दिसले की शस्त्र कायदा १९५९ लागतो आणि सुट्टी पोलीस ठाण्यात जाते. रिकाम्या पुंगळ्या आणि मॅगझिनसुद्धा त्या बॅगेत नकोत.

आणि पहिल्या सामन्याला रिकाम्या हाताने या. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, हातात वही-पेन. एका स्क्वाडमागे (एकत्र खेळणाऱ्या गटामागे) उभे राहून प्रत्येक जण किती गोळ्यांचे मॅगझिन लावतो, रीलोड उभ्याने करतो की चालताना, आणि कुणाचे पिस्तूल कितव्या गोळीला अडते एवढेच टिपा. स्टेज संपली की त्याला विचारा. अडलेले मॅगझिन तो स्वतःहून उघडून दाखवेल.

आपले,
प्रॅक्टिकल शूटिंगमधले काही मराठी सहकारी